चित्राचे वजन आणि वाचकाचा वेळ

(एका जिल्हा ग्रंथालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ही व्याख्यानमाला एका मुद्रकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषय निवडताना मी छापखान्यापासून फार लांब गेलो नाही. संकेतस्थळावर चित्र ठेवायचे तर ते किती मोठे असावे, किती वजनाचे असावे आणि वाचकापर्यंत कसे पोहोचवावे, एवढाच आजचा विषय आहे. तो संगणकवाल्यांचा विषय आहे असे समजून आपण सारे त्यातून अंग काढून घेतो. पण आज शाळा, ग्रंथालये, पतसंस्था, नगरपालिका, दिवाळी अंक, घरगुती उद्योग या सगळ्यांची संकेतस्थळे आहेत आणि त्यांवर फोटो चढवणारी माणसे तुमच्याआमच्यातलीच आहेत. म्हणून हा विषय या सभागृहात मांडावासा वाटला.

ज्यांनी जुन्या छापखान्यात ट्रेडल मशीन चालताना पाहिले आहे त्यांना हाफटोन ब्लॉक आठवत असतील. फोटो जाळीतून घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करायचे आणि ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उठवायचे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. ब्लॉक टाकायला गेले की दोन गोष्टी आधी सांगाव्या लागत. पहिली, कागद कोणता? न्यूजप्रिंट असेल तर इंचाला ६५ ओळींची जाड जाळी, आर्ट पेपर असेल तर १३३ ची बारीक. बारीक जाळीचा ब्लॉक न्यूजप्रिंटवर चालवला तर ठिपक्यांच्या मधल्या फटीत शाई भरायची आणि चेहऱ्याचा काळा डाग व्हायचा. दुसरी, चित्र किती कॉलमांचे? ब्लॉकचे पैसे क्षेत्रफळावर लागत. एका कॉलमच्या चित्रासाठी चार कॉलमांचा ब्लॉक कोणी करून आणत नसे.

पडद्यावरच्या चित्रालाही हेच दोन प्रश्न लागू आहेत: ते कशावर दिसणार आणि किती जागेत दिसणार? छापखान्यात हे प्रश्न कोणी चुकवत नसे, कारण चुकीचा भुर्दंड ब्लॉक टाकणाऱ्यालाच पडायचा. संकेतस्थळावर मोठे चित्र चढवणाऱ्याला काहीच पडत नाही. बिल वाचकाच्या नावावर फाटते. त्याच्या वेळेचे, त्याच्या डेटाचे, त्याच्या फोनच्या बॅटरीचे. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की चित्राचे माप ते बघणाऱ्याच्या परिस्थितीवरून ठरवावे, काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यावरून ठरवू नये.

एक उदाहरण सोबत घेऊन पुढे जाऊ. समजा, तारकर्लीच्या एका कुटुंबाने घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत आणि त्यांचे छोटेसे संकेतस्थळ केले आहे. पानाच्या माथ्यावर घराचा फोटो आहे: कौलारू छप्पर, मागे माड, वर मोकळे आभाळ. फोटो मोबाइलवर काढलेला, ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० उंच. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. फाइल साधारण ४ एमबीची. ती जशी होती तशी चढवली.

आता हे पान बघणाऱ्याच्या हातातला फोन पाहा. त्याच्या पडद्यावर आडवे फार तर १०८० पिक्सेल आहेत. त्याच प्रमाणात फोटोची उंची ८१० होते. गुणाकार केला तर पावणेनऊ लाख पिक्सेल. पाठवले १ कोटी २० लाख, दिसू शकले पावणेनऊ लाख. दर चौदा पिक्सेलमागे एक कामी आला आणि बाकीचे तेरा वाचकाच्या खर्चाने येऊन वाया गेले.

वेळेचा हिशेबही करू. ४ एमबी म्हणजे ३२ मेगाबिट. जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची असेल तर हा एक फोटो यायला तीन सेकंदांच्या वर लागतात. तोच माणूस एसटीने आंबोली घाट उतरत असेल आणि वेग १ मेगाबिटवर आला असेल तर ३२ सेकंद. आणि दिवसाचा डेटा संपला असेल? आपल्याकडच्या अनेक प्लॅनमध्ये मग वेग ६४ किलोबिटवर आणून ठेवतात. त्या वेगाने हा फोटो यायला ५०० सेकंद लागतात, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद. त्या घराचा फोन नंबर, खोलीचे भाडे, जेवणाची सोय हे सगळे पानावर असूनही एवढा वेळ कोणी थांबणार नाही. तो दुसरे घर बघेल.

हाच फोटो १०८० रुंदीचा करून नीट साठवला तर साधारण १६० केबीत बसतो. घाटात तो सव्वा सेकंदात येतो आणि डेटा संपलेल्या फोनवर वीस सेकंदांत. फोनच्या पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कोणता कोणता हे ओळखता येणार नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. चित्राची मापे कमी करणे ही एक क्रिया आहे आणि चित्राची फाइल दाबून लहान करणे ही दुसरी. ४००० रुंदीचा फोटो दाबून कोणी ६०० केबीचा केला, तर प्रवास हलका झाला. फोनवरचा भार मात्र तसाच राहिला. कारण दाखवण्यापूर्वी ब्राउझर ती फाइल उलगडतो, आणि उलगडल्यावर साधारणपणे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. १ कोटी २० लाख पिक्सेलचे झाले ४८ एमबी, फाइल कितीही दाबलेली असो. असे आठ फोटो एका पानावर ठेवले की पावणेचारशे एमबीच्या वर गेले. कमी मेमरीचा फोन का अडकतो, बोट फिरवले तरी पान का हलत नाही, त्याचे एक कारण हे आहे. म्हणून आधी मापे कमी करावीत आणि मगच फाइल दाबावी.

फाइल दाबतात म्हणजे नेमके काय करतात? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात माणसाच्या डोळ्याचा फार बारकाईने केलेला विचार आहे. जेपेग हे मानक १९९२ साली मंजूर झाले आणि आजही जगातले असंख्य फोटो त्याच पद्धतीने साठवले जातात. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून जेपेग आधी उजेड आणि रंग वेगळे करते. उजेडाची माहिती पूर्ण ठेवते आणि रंगाच्या दोन थरांची मापे बहुधा आडवी-उभी निम्मी करते. निम्मे गुणिले निम्मे म्हणजे पाव. एक पूर्ण थर आणि दोन पाव थर, म्हणजे तीनाऐवजी दीड. डोळ्याला काही कळण्याआधीच निम्मा माल कमी झाला.

मग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतात. तारकर्लीच्या त्या फोटोतला आभाळाचा एक चौकोन घेऊ. त्यात उजेडाचे ६४ आकडे आहेत आणि ते जवळजवळ सारखे आहेत: २००, २०१, २०१, २०२ असे. हे ६४ आकडे जेपेग दुसऱ्या ६४ आकड्यांत मांडते. त्यातला पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो. पुढचे आकडे सांगतात की उजेड हळूहळू किती बदलतो, त्याहून भराभर किती बदलतो, आणि शेवटचा सांगतो की अगदी पिक्सेलागणिक किती बदलतो. आभाळात पहिला आकडा मोठा निघतो, पुढचे एकदोन किरकोळ, बाकी सगळे शून्याच्या आसपास. आता या प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या संख्येने भागून जवळच्या पूर्णांकावर आणतात. ठळक बदलांचा भाजक लहान असतो, बारीक बदलांचा मोठा. मानकाच्या परिशिष्टात नमुन्याचे कोष्टक दिले आहे. त्यात उजेडासाठी पहिला भाजक १६ आहे आणि शेवटच्या कोपऱ्यातला ९९. भागाकार झाला की आभाळाच्या चौकोनात शून्यांची रांगच लागते, आणि ‘इथून पुढे सगळी शून्ये’ एवढी नोंद पुरते.

माडाच्या झावळ्यांचा चौकोन घेतला तर असे होत नाही. तिथे उजेड-सावलीची गर्दी असते, पुष्कळ आकडे शिल्लक राहतात आणि जागा जास्त लागते. म्हणून एकाच मापाच्या दोन फोटोंपैकी समुद्र-आभाळाचा हलका निघतो आणि माडाच्या बनाचा जड.

या सगळ्याच्या मुळाशी जे गणित आहे त्याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते मांडले नासिर अहमद यांनी. त्यांचा जन्म १९४० सालचा, बंगळूरचा. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. या कल्पनेवर काम करण्यासाठी १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कल्पना फारच साधी वाटते, असे एका परीक्षकाचे मत होते, ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी आपला निबंध सिद्ध केला. तो १९७४च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि जेमतेम चार पानांचा होता. आज आपण बघतो त्या बहुतेक फोटोंच्या आणि व्हिडिओंच्या पोटात त्या चार पानांतले गणित किंवा त्याची भावंडे आहेत. तीन भारतीय नावांचा हा निबंध आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांत आवर्जून सांगितला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

फोटो साठवताना सॉफ्टवेअर दर्जाचा आकडा विचारते, तो त्या भाजकांचा आकडा असतो. दर्जा कमी केला की भाजक मोठे होतात आणि शून्ये वाढतात. हा आकडा टक्केवारी नाही, आणि एका सॉफ्टवेअरचा ८० दुसऱ्याच्या ८० एवढाच असेल असेही नाही. बहुतेक फोटोंना ७५ ते ८५ पुरते. १०० ठेवले तर फाइल कितीतरी फुगते आणि डोळ्याला हाती काही लागत नाही. मात्र एकदा शून्य झालेला आकडा परत येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो पुन्हा साठवला, त्यावर मजकूर टाकून पुन्हा साठवला, की दर वेळी थोडा तपशील जातो आणि चौकोन उघडे पडू लागतात. म्हणून मूळ फोटो कधीही पुसू नये. तो जपून ठेवावा आणि संकेतस्थळासाठी दर वेळी त्याच्यावरून नवी प्रत काढावी. ग्रंथालये दुर्मिळ पोथ्यांचे स्कॅन करताना हीच शिस्त पाळतात: मोठी मूळ प्रत कपाटात, हलकी प्रत वाचकाच्या हातात.

आता कोणत्या चित्राला कोणता साचा, हे थोडक्यात सांगतो. फोटोला जेपेग. बोधचिन्ह, नकाशा, रेघांची आकृती यांना जेपेग मानवत नाही. कडांभोवती धूसर कण दिसतात. त्यांना पीएनजी, आणि रेघांनीच काढलेली आकृती असेल तर एसव्हीजी. उलट फोटो पीएनजीत साठवला तर तो कितीतरी पट जड होतो, आणि ही चूक फार संकेतस्थळांवर दिसते. गूगलने २०१० साली वेबपी आणले. त्याच दर्जाचा फोटो जेपेगपेक्षा पाव ते एक तृतीयांश हलका होतो, असे गूगलची मोजमापे सांगतात. म्हणजे आपला १६० केबीचा फोटो साधारण १२० केबीवर येईल. २०१९ चे एव्हीआयएफ आणखी हलके आहे. आयफोनमधून निघणारी एचईआयसी फाइल मात्र तशीच चढवू नये. बहुतेक ब्राउझर ती उघडत नाहीत. आणि फोटोसोबत फाइलीत कॅमेऱ्याची माहिती, कधी कधी फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. घरातल्या मुलांचे, शाळेतल्या कार्यक्रमांचे फोटो चढवण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी. वजन थोडे कमी होते, आणि घरचा पत्ता नकळत जगजाहीर होत नाही.

चित्र तयार झाले, तरी एकच प्रत सर्वांना पुरत नाही. कोणी फोनवर बघतो, कोणी ग्रंथालयातल्या मोठ्या पडद्यावर. १९९३च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन यांनी वेबच्या पानात चित्र बसवण्याची खूण सुचवली तेव्हा एक खूण आणि एक फाइल एवढीच कल्पना होती. पुढे फोन आले, पडदे हर तऱ्हेच्या मापांचे झाले, आणि २०१४च्या सुमारास ब्राउझरांत ‘सोर्ससेट’ची सोय आली. एकाच फोटोच्या ४८०, ८००, १२००, १६०० अशा रुंदीच्या प्रती ठेवायच्या, त्यांची यादी पानात द्यायची आणि चित्राला किती जागा मिळणार तेही लिहायचे. आपल्याला साजेशी प्रत ब्राउझर स्वतः निवडतो. आपल्याकडची पुष्कळ मराठी संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. त्यात २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून ही सोय आपोआप मिळते. तरी पार्श्वभूमी म्हणून लावलेली चित्रे त्यातून सुटतात, तिकडे हाताने लक्ष द्यावे लागते.

आणखी दोन गोष्टी साध्या आहेत आणि त्यांचा गुण फार मोठा आहे. पहिली, खालची चित्रे गरज पडेल तेव्हाच मागवावीत. तारकर्लीच्या पानावर खोल्यांचे, अंगणाचे, जेवणाच्या ताटाचे फोटो खाली असतील, तर वाचक तिथे पोहोचू लागल्यावर ते यावेत. चित्राच्या खुणेतल्या ‘लोडिंग’ या गुणधर्माला ‘लेझी’ एवढा शब्द दिला की काम होते. माथ्यावरच्या मुख्य फोटोला मात्र तो शब्द लावू नये. तो तर सर्वांत आधी यायला हवा. दुसरी गोष्ट, प्रत्येक चित्राची रुंदी-उंची पानात लिहावी. ती नसेल तर चित्रासाठी किती जागा सोडायची हे ब्राउझरला कळत नाही. वाचक फोन नंबरावर बोट ठेवायला जातो, तेवढ्यात वर फोटो येऊन बसतो, सगळा मजकूर खाली घसरतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते. २०२० साली गूगलने पानाच्या अनुभवाची जी मापे जाहीर केली त्यांत ही घसरणही मोजली जाते. पानावरचा सर्वांत मोठा भाग, आणि तो बहुधा चित्रच असतो, अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी अपेक्षा त्याच मापांत आहे. चारपैकी तीन भेटींत तरी हे जमले पाहिजे.

आता मराठीपुरते एक कळकळीचे बोलतो. आपल्याकडे मजकूरच चित्र करून ठेवण्याची सवय आहे. सूचना, वेळापत्रक, सभेचे निमंत्रण, परीक्षेचा निकाल, सगळे फोटोच्या रूपात. एके काळी त्याला कारण होते. प्रत्येक छापखान्याचा आणि वर्तमानपत्राचा फाँट निराळा. दुसऱ्याच्या संगणकावर तो नसला की मजकुराच्या जागी गिचमिड दिसायची, म्हणून लोक चित्र पाठवायचे. आज प्रत्येक फोनमध्ये युनिकोड देवनागरी आहे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हजार चिन्हांची सूचना ३ केबीत मावते. तिचाच फोटो काढून चढवला तर काहीशे केबी सहज होतात. शिवाय तो मजकूर शोधून सापडत नाही, कोणाला त्याची नक्कल करता येत नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला तो वाचता येत नाही. ज्या ग्रंथालयाने आपल्या गावाला वाचायला शिकवले, त्याच्या संकेतस्थळावर वाचता न येणारी सूचना असू नये. मजकूर मजकूर म्हणूनच लिहावा, आणि जिथे चित्र हवेच तिथे त्याचे वर्णन ‘ऑल्ट’ या गुणधर्मात चांगल्या मराठीत एका ओळीत द्यावे.

यावर कोणी म्हणेल, आता फाइव्ह-जी आले, डेटा स्वस्त झाला, मग एवढी काटकसर कशाला? डेटा स्वस्त झाला हे खरे, आणि त्याने आपल्या गावांचे फार भले केले. पण सरासरी वेग म्हणजे प्रत्येकाचा वेग नव्हे. घाटातला, तळघरातला, जत्रेच्या गर्दीतला, महिनाअखेरीला रिचार्ज पुढे ढकललेला वाचक सरासरीत दिसतच नाही. शिवाय वेग वाढला तरी जुन्या फोनची मेमरी वाढत नाही. आणि आपण या क्षणी वेगाचे बोलत असलो, तरी जोडणीची सुरुवात नेहमी सावध असते. सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १४ केबीच पाठवतो, पोच मिळाली की पुढच्या फेऱ्यांत वाढवत नेतो. जिथे प्रत्येक फेरीलाच वेळ लागतो, तिथे जड फाइल म्हणजे जास्त फेऱ्या आणि जास्त ताटकळणे. नगरपालिकेच्या पाण्याच्या वेळा, दवाखान्याचा पत्ता, शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख यांची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्याच हातात बहुधा सर्वांत साधा फोन असतो. त्यांच्यासमोर जड पान ठेवणे म्हणजे दार अर्धेच उघडे ठेवणे आहे.

यातले कोणतेही काम अवघड नाही, आणि त्याची साधने फुकट आहेत. गूगलचे स्क्वूश ब्राउझरमध्येच चालते. मूळ आणि दाबलेले चित्र शेजारी शेजारी दाखवते, त्यामुळे दर्जा किती उतरवायचा हे डोळ्यांनी ठरवता येते. शेकडो फोटो एकदम करायचे तर इमेजमॅजिक आहे. अडचण साधनांची नाही, हलक्या पानाची मागणी कोणी करत नाही ही आहे. संकेतस्थळ बांधून घेताना आपण रंग विचारतो, बोधचिन्ह मोठे करा म्हणतो, फिरती चित्रपट्टी हवी म्हणतो. पान किती जड आहे, हे विचारत नाही.

म्हणून शेवटी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. संकेतस्थळाच्या करारात एवढे लिहून घ्या: चित्रांच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती आपोआप तयार व्हाव्यात, प्रत्येक चित्राची रुंदी, उंची आणि वर्णन पानात असावे, सूचना मजकुराच्या रूपात असाव्यात, आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी मुख्य पान घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, सर्वांसमोर उघडून दाखवावे. ज्यांच्याकडे आधीच संकेतस्थळ आहे त्यांनी हीच परीक्षा या आठवड्यात स्वतः घ्यावी. पान रेंगाळले तर त्यातले सर्वांत जड चित्र शोधावे आणि तिथून कामाला लागावे. एका दुपारच्या या कामाने पुढे येणाऱ्या प्रत्येक वाचकाचा वेळ वाचतो, आणि तो वाचवणे हे प्रकाशन करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.